गरोदरपण आणि स्वयंपाकघरातलं प्लास्टिक: आधी काय बदलायचं?

गोदातीर
प्लास्टिकमधून अन्नात किती रसायन उतरेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: पदार्थ किती गरम आहे, त्यात तेल-तूप किती आहे आणि तो त्या भांड्यात किती वेळ राहिला. चौथी गोष्ट भांड्याचं वय. ओरखडलेलं, धुरकट झालेलं प्लास्टिक नव्यापेक्षा जास्त सोडतं. एवढं लक्षात घेतलं की कोरड्या तूरडाळीची बरणी आणि उकळत्या रश्श्याची पिशवी एका मापानं मोजायची नाहीत हे कळतं. घरात कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार चालू असेल, तर बदल कोणत्या क्रमानं करायचे ते इथे लिहूया.

नावं दोनच लक्षात ठेवा. पहिलं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. पॉलिकार्बोनेट हे काचेसारखं पारदर्शक, कडक प्लास्टिक याच्यापासूनच बनतं. निळसर २० लिटरचे जुने जार त्याचेच. डबाबंद आमरस किंवा रसगुल्ल्याच्या पत्र्याच्या डब्याला आतून एपॉक्सीचा लेप असतो, त्यातही ते येऊ शकतं, आणि दुकानाच्या थर्मल कागदाच्या पावतीवर तर ते सुट्या स्वरूपात असतं. दुसरं नाव थॅलेट. पीव्हीसी मूळचं कडक, ते मऊ करण्यासाठी थॅलेट घालतात, अनेकदा वजनाच्या ३० ते ४० टक्के. हे थॅलेट प्लास्टिकला रासायनिक बंधानं बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. म्हणून तेल लागलं की ते बाहेर येतं.

आपल्याकडे नाशकात पहिला नंबर कशाचा म्हणाल तर रविवारच्या मिसळीच्या पार्सलचा. ९० अंशांच्या आसपासचा कट, वर तेलाचा तवंग, पातळ पिशवी, गाठ मारलेली, आणि कॉलेज रोडवरून इंदिरानगरला येईपर्यंत अर्धा तास. उष्णता, तेल, वेळ, तिन्ही एकाच पिशवीत. पिशवीचं साधं पॉलिइथिलिन १०५ ते ११५ अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. शिवाय पिशवी रंगीत किंवा पुनर्वापरातल्या मालाची असेल तर तिच्यात आधी काय होतं हे कुणीच सांगू शकत नाही. घरातले डबे बदलायच्या आधी हे एक थांबवा.

दारणाकाठ
गोदातीर, चांगला धागा. वैद्यकीय बाजू मी मांडते.

बीपीए शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. हा शोध आजचा नाही, १९३० च्या दशकातच त्याचा हा गुण तपासला गेला होता. थॅलेटमधले काही प्रकार, विशेषतः डीईएचपी आणि डीबीपी, पुरुषसंप्रेरक तयार होण्यात अडथळा आणतात. गर्भ मुलाचा असेल तर साधारण ८ ते १४ आठवड्यांत त्याचं वृषण टेस्टोस्टेरॉन बनवू लागतं आणि जननेंद्रियांची घडण त्यावर ठरते. या काळातला अडथळा नंतर भरून निघत नाही. संशोधक शॅना स्वान यांच्या २००५ च्या अभ्यासात, आईच्या लघवीत काही थॅलेटचं प्रमाण जास्त असताना मुलग्यांचं गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर कमी आढळलं. उंदरांवरच्या प्रयोगांत हेच आधी दिसलेलं होतं.

दुसरी बाजू थायरॉइडची. पहिले तीन-चार महिने गर्भाची स्वतःची ग्रंथी पुरेशी चालत नाही, तो आईच्या थायरॉक्सिनवर असतो आणि मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. ही रसायनं त्या यंत्रणेतही लुडबुड करतात. म्हणून आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवा. 'फक्त सैंधव खा' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

तिसरी, अकाली प्रसूती. अमेरिकेतल्या १६ अभ्यासांची, ६,०४५ गरोदर स्त्रियांची एकत्रित आकडेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. काही थॅलेटचं प्रमाण जास्त असलेल्यांमध्ये वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता १२ ते १६ टक्क्यांनी जास्त निघाली. हा आकडा नीट वाचा. शंभरातल्या सोळा जणींची प्रसूती लवकर होते असा त्याचा अर्थ नाही. मुळात जी शक्यता आहे तिच्यात तेवढी भर पडते. आणि ही निरीक्षणं आहेत, एकेका बाईचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

याच कारणासाठी क्रम सांगते. घरात मशेरी लावली जात असेल, कुणी आत बसून विडी-सिगारेट ओढत असेल, चुलीचा धूर असेल, रक्त कमी असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर प्लास्टिकच्या आधी ते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, नुसती दात घासायची पूड नव्हे.

मैत्रेयी
ताई, मला २२ वा आठवडा चालू आहे. म्हणजे ८ ते १४ चा काळ तर गेलाच. आता बदल करून उपयोग आहे का?

दारणाकाठ
आहे, आणि लगेच आहे. बीपीएचं रक्तातलं प्रमाण पाच-सहा तासांत निम्मं होतं, दिवसभरात बहुतेक सगळं लघवीवाटे जातं. थॅलेटही एक-दोन दिवसांत निघून जातात. २०११ च्या एका अभ्यासात पाच कुटुंबांना तीन दिवस ताजं, पॅकबंद नसलेलं अन्न दिलं, प्लास्टिकशी संपर्क टाळून. लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी आणि डीईएचपीचे अंश ५० टक्क्यांहून जास्त उतरले. तीन दिवसांत. वाढ तर शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू असते, मेंदूची त्यानंतरही. जे झालं त्याचा घोर लावून घेऊ नकोस, आजच्या जेवणापासून सुरुवात कर.

आणि पैसे देऊन लघवीची बीपीए तपासणी करू नकोस. एका नमुन्यात गेल्या काही तासांतलंच दिसतं. सकाळी एक येईल, संध्याकाळी दुसरं.

अनया_आहार
स्वयंपाकघराचं मी लिहिते, बाजारात जाऊन खरेदीची यादी करायच्या आधी वाचा.

पिशवीतलं वा डब्यातलं अन्न गरम करायचं झालं तर आधी स्टील किंवा काचेच्या भांड्यात काढा. 'मायक्रोवेव्ह सेफ' याचा अर्थ डबा वाकणार-वितळणार नाही एवढाच, त्यातून काही उतरत नाही असा नाही. गरम भाजी, वरण डब्यात भरायचं तर आधी कोमट होऊ द्या. ऑफिसच्या डब्याला सरळ स्टील घ्या. झाकणाची सिलिकॉनची पट्टी चालते. झाकण प्लास्टिकचं असेल तर डबा काठोकाठ भरू नका, रस्सा झाकणाला लागायला नको.

मेलामाईनच्या ताटल्या-वाट्या बऱ्याच घरांत आहेत. गरम सूप किंवा आंबट सार त्यात वाढू नका. गरम आणि आंबट पदार्थांत मेलामाईन उतरतं, जर्मनीची सरकारी संस्था ७० अंशांच्या वर ही भांडी वापरू नका असंच सांगते. काकडी, चिवडा, फळं खुशाल ठेवा.

लोणचं. तेल आहे, आम्ल आहे आणि वर्षभर मुक्काम आहे. चिनी मातीची किंवा काचेची बरणी. काचेच्या विकतच्या बरणीचं पत्र्याचं झाकण उघडून आत बघा, कडेला मऊ पांढरी गोल पट्टी दिसते. ती बहुधा मऊ पीव्हीसीची असते आणि तेल तिला चिकटून असतं. बरणी आडवी ठेवू नका.

थालीपीठ दुधाच्या पिशवीवर थापणं, गार आणि मिनिटाभराचं काम, त्याची फार चिंता नको. पण तीच पिशवी थालीपिठासकट तव्याजवळ नेऊन उलटी करतात, कड भाजते, आकसते. ओलं सुती फडकं किंवा केळीचं पान घ्या. ढोकळा, मोदक वाफवताना चाळणीवर प्लास्टिकचा कागद घालण्याची पद्धत मात्र बंदच करा, तिथे १०० अंशांची वाफ असते.

कागदी कपातला चहा. आत पॉलिइथिलिनचा अस्तर असतो. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात १०० मिली गरम द्रवात १५ मिनिटांत सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण मोजले गेले. काचेचा ग्लास किंवा कुल्हड मागा.

काजवा
इमारतीत पिण्याचं पाणी जारचं येतं, आणि वर्षभर तीच बाटली. जारचं बदलावं का? शिवाय गच्चीवर काळी टाकी आहे, एप्रिल-मे मध्ये ती चांगलीच तापते.

गोदातीर
जार उलटा करून तळाशी त्रिकोणातला आकडा बघा. १ म्हणजे पेट (पाण्याच्या पातळ बाटलीचं प्लास्टिक), ७ म्हणजे 'इतर', आणि पारदर्शक कडक निळसर जारवर ७ असेल तर तो बहुधा पॉलिकार्बोनेट. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, २ आणि ४ पॉलिइथिलिन, ३ पीव्हीसी, ६ पॉलिस्टायरिन. स्वयंपाकघरात २, ४, ५ कमी त्रासाचे, ३, ६ आणि कडक पारदर्शक ७ टाळण्याचे.

पॉलिकार्बोनेटच्या बाटलीत उकळतं पाणी ओतलं की बीपीए सुटण्याचा वेग खोलीच्या तापमानाच्या १५ ते ५५ पट होतो, असं सिनसिनाटी विद्यापीठाच्या २००८ च्या कामात दिसलं. पाणी नंतर निवलं तरी उतरलेलं परत जात नाही. सोडा, ब्लिचिंग असल्या अल्कधर्मी द्रावानं घासलं की पृष्ठभाग झिजतो, तेही वाढवतं. जारवाला टेम्पो उन्हात उभा असतो, ते पाणी तापलेलं येतं. म्हणून पर्याय असेल तर नळाचं पाणी, फिल्टर करून, स्टीलच्या पिंपात किंवा माठात. गंगापूर धरणाचं पाणी महापालिका शुद्ध करूनच देते, वास-रंग ठीक असेल तर जारच्या पाण्यानं वेगळा फायदा होत नाही.

पेटची पातळ बाटली ७० अंशांच्या आसपास मऊ पडते, गरम पाणी भरलं की आकसते ती त्यामुळे. तिच्यात बीपीए नसतं, पण बनवताना अँटिमनीचं उत्प्रेरक वापरतात, ते उष्णतेत जास्त उतरतं. उन्हातल्या गाडीत राहिलेली बाटली पिऊ नका.

काळी टाकी पॉलिइथिलिनची आहे, तिला मऊ करणारं काही घालावं लागत नाही. तिची काळजी नको. पण पिण्याला व स्वयंपाकाला गार नळाचं पाणी घ्या, गिझरचं नको. जुन्या पीव्हीसी पाइपात शिशाचे स्थिरक, म्हणजे प्लास्टिक टिकावं म्हणून घातलेली शिशाची संयुगं, असायचे. ते काढून टाकण्याचे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले. म्हणजे जुन्या इमारतीत सकाळचं पहिलं पाणी दोन मिनिटं सोडून झाडांना घाला, मग पिंप भरा. आरओ असेल तर तो शिसं अडवतो.

टँकर येतो तेव्हा एक चूक सर्रास होते: हिरवी मऊ बागेची नळी टाकीत सोडतात. ती नळी मऊ पीव्हीसीची असते, थॅलेट तिच्यात भरपूर, आणि ती उन्हात पडलेली असते. पिण्याच्या टाकीला अन्नयोग्य असं छापलेली नळी घ्या, नाहीतर आधी पाच मिनिटं पाणी सोडून घ्या.

सुनीता_पंचवटी
मग जुनी तांब्या-पितळेची भांडी काढावीत का? भांडीबाजारात कल्हई करून मिळते.

अनया_आहार
काकू, जपून. पाणी तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलं तर चालतं. पण ताक, लिंबू, चिंच, टोमॅटो नको. कल्हई घासून गेलेल्या पितळेत तर मुळीच नको. जुन्या पितळेत आणि भंगार ऍल्युमिनियम वितळवून ओतलेल्या हिंडालियमच्या कढईत शिसं सापडतं, आणि शिसं गर्भापर्यंत सरळ जातं. त्याची सुरक्षित पातळी ठरलेली नाही. सुटी, चमकदार पिवळी हळद, स्वस्त कुंकू आणि घरगुती नसलेलं काजळ हेही त्याच यादीत. भांडं घ्यायचं तर ३०४ दर्जाचं स्टील, ज्यावर '१८/८' लिहिलेलं असतं ते. लोखंडी कढई, बिडाचा तवा चांगला. नॉन-स्टिकची कढई खरवडलेली असेल तर काढून टाका, नवी असेल तर रिकामी मोठ्या आंचेवर तापवू नका.

काजवा
आणखी एक. बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर आहे, दिवसभर पावत्या हातात.

गोदातीर
कागद थर्मल आहे का ते पाहायला नखानं ओरखडा काढा, काळी रेघ उठली तर थर्मल. त्यावरचं बीपीए कातडीतून शिरतं. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेल्या हातांनी पावती धरली तर शोषण बरंच वाढतं, २०१४ च्या प्रयोगात हेच दिसलं. त्यामुळे सॅनिटायझर आणि पावती यांच्यात हात पूर्ण कोरडे हवेत. पावती मागच्या, न छापलेल्या बाजूनं धरायची. रोल बदलताना नायट्राइलचे हातमोजे. जेवणाआधी साबणानं हात. ग्राहकाला मोबाइलवर बिल देता आलं तर उत्तम. 'बीपीए फ्री' छापलेल्या रोलवर बहुधा बीपीएस, म्हणजे बिस्फेनॉल एस, असतं, त्याचं वागणं फार वेगळं नाही. डब्या-बाटल्यांवरच्या 'बीपीए फ्री' नंही निर्धास्त होऊ नका.

नियमांचं थोडं, कारण विचारतात. लहान मुलांच्या दूधबाटल्यांतून बीपीए अमेरिका-युरोपानं २०११-१२ च्या सुमारास काढलं. भारतात आयएस १४६२५ च्या २०१५ च्या मानकात बाटली बीपीएमुक्त असावी अशी अट आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये रोजची सुरक्षित मात्रा शरीराच्या दर किलोला ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पट खाली. जर्मनीच्या संस्थेला तो आकडा पटला नाही, तिनं २०० नॅनोग्रॅम सांगितला. या दोन आकड्यांत हजारपट फरक आहे, पण दोन्ही जुन्यापेक्षा पुष्कळ खाली आहेत.

सिन्नरकर
सातपूर, अंबड, माळेगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी लिहितो. केबलवर मऊ पीव्हीसी चढवताना किंवा पाइप बनवताना एक्स्ट्रूडरचं (वितळलेलं प्लास्टिक साच्यातून ढकलणाऱ्या मशीनचं) तापमान १६० ते १९० अंश असतं. सगळ्यात जास्त धूर डाय (साचा) उघडताना आणि मशीन पर्ज करताना, म्हणजे आतलं जुनं प्लास्टिक बाहेर काढताना, निघतो. गरोदर बाईनं त्या वेळी लाइनवर उभं राहू नये. डायच्या वर शोषणारा हूड हवा, भिंतीवरचा पंखा पुरत नाही, तो धूर फक्त ढकलतो आणि बरेचदा नेमका पॅकिंगच्या टेबलाकडे. सुपरवायझरकडे कच्च्या मालाचं सुरक्षा माहितीपत्रक मागा, त्यात प्लास्टिसायझरचं नाव असतं. डीईएचपी ला काही जण डीओपी म्हणतात, पिंपावर तेच लिहिलेलं असतं. नवरा तिथे काम करत असेल तर कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका आणि घरी आल्यावर आधी अंघोळ.

मैत्रेयी
दवाखान्यात सलाइन लागलं तर? पिशव्या पीव्हीसीच्या असतात ना. आणि गोळ्यांवरच्या आवरणातही थॅलेट असतं असं वाचलं.

दारणाकाठ
सलाइन, रक्त, इंजेक्शन, काहीही गरजेचं असेल तर घ्यायचं, त्यात घासाघीस नाही. उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलेल्या बाईला सलाइन न लावण्याचा धोका त्या पिशवीच्या कितीतरी पट आहे. गोळ्यांचं म्हणशील तर आतड्यात विरघळणाऱ्या काही आवरणांत डीबीपी वापरलं गेलं आहे, पोटाच्या एका विकाराच्या औषधात विशेष. स्वतःहून काही बंद करू नकोस. डॉक्टरांना विचार, बिनथॅलेटचा पर्याय असतो. लोह-फॉलिक ऍसिड आणि कॅल्शियम मात्र नियमित घे. लोह आणि कॅल्शियम भरपूर असेल तर आतड्यातून शिसंही कमी शोषलं जातं.

आणखी एक जागा लोक विसरतात: सुगंध. अत्तर, रूम फ्रेशनर, सुगंधी लोशन यांत डायइथिल थॅलेट वास टिकवायला घालतात. बिनवासाचं साबण-लोशन घे. नेलपॉलिश लावायचंच तर खिडकी उघडी ठेवून. बाळाच्या खोलीत नवीन व्हिनाइलची फरशी, रेक्झिनची गादी बाळ यायच्या आठवड्यात टाकू नका. त्यातलं थॅलेट धुळीला चिकटतं, ओल्या फडक्यानं रोज पुसलं की धूळ कमी होते. आणि कचरा जाळू नका, घंटागाडी येते. पीव्हीसी जळलं की डायॉक्सिन तयार होतात.

सुनीता_पंचवटी
बाळाची दूधबाटली काचेची घ्यावी का?

दारणाकाठ
काकू, अंगावरचं दूध असेल तर बाटलीच नको. काढलेलं किंवा वरचं दूध द्यायचं झालं तर स्टीलची वाटी-चमचा किंवा बोंडलं. धुवायला सोपं, उकळायला सोपं, जंतुसंसर्ग कमी. प्लास्टिकची बाटली वापरावीच लागली तर ती उकळून झाल्यावर, उकळून निवलेल्या पाण्यानं तीनदा खंगाळा, पावडरचं दूध स्टीलच्या भांड्यात गरम पाण्यात कालवा, खोलीच्या तापमानाला आलं की मग बाटलीत ओता आणि जोरानं हलवू नका. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलिनच्या बाटल्यांतून लिटरमागे १.६ कोटीपर्यंत कण मोजले, त्यांनीच ही पद्धत सुचवली.

मैत्रेयी
शेवटचं विचारते. मिसळीचं पार्सल स्टीलच्या डब्यात मागितलं तर भरून देतात का? सकाळी फार गर्दी असते.

गोदातीर
देतात, फक्त रांगेत लागायच्या आधी काउंटरवर डबे द्या. दोघांसाठी रश्श्याला एक लिटरचा, क्लिपा असलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो, पाऊण भरायचा. वरचा तवंग हलला की झाकणाच्या कडेनं झिरपतो, म्हणून डबा कापडी पिशवीत उभा धरा, सीटवर आडवा नको. उसळ छोट्या स्टीलच्या डब्यात, फरसाण आणि पाव कोरडे, ते कागदात चालतात, पण छापील वर्तमानपत्रात बांधू देऊ नका, शाई तेलाला लगेच लागते. दही-कांदा घरचा घ्या. झाकणाची रबरी पट्टी नवीन असेल तर पहिल्यांदा गरम पाण्यात साबण घालून दहा मिनिटं भिजवून धुवा, नाहीतर तिचा वास रश्श्याला येतो.